नावं तीन, हात दोनच: अनेक टोपणनावांनी लिहिलेल्या पुस्तकांचा प्रचार कसा करावा

टोपणनाव आपल्याला नवं नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकर कादंबरीत खानोलकर राहिले आणि कवितेत 'आरती प्रभू' झाले. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांचं तर सांगायलाच नको. पण या मंडळींना कीवर्ड, न्यूजलेटर आणि 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' असल्या भानगडी सांभाळाव्या लागल्या नाहीत. आपल्याला लागतात.

मी तीन नावांनी लिहिते. एका नावाने लहान मुलांच्या गोष्टी, दुसऱ्याने भयकथा, तिसऱ्याने प्रेमकथा. सुरुवातीला तिन्ही नावांचा गाडा एकदम ओढायला गेले आणि तिन्ही चाकं रुतली. खाली जे लिहिलंय ते त्यानंतर बसलेल्या घडीतून. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण पहिल्या दोन पावलांत गडबड झाली तर पुढची सगळी मेहनत निस्तरण्यात जाते.

आधी विचारा: दुसरं नाव हवंच आहे का?

प्रत्येक नव्या नावाला स्वतःचं लेखक-पान लागतं, स्वतःची वाचक-यादी, मुखपृष्ठांची स्वतःची धाटणी. लिहिण्याचा वेळ खाऊन हे सगळं होतं. त्यामुळे 'प्रकार बदलला की नाव बदलायचं' असा नियम करू नका.

मी एकच कसोटी लावते. पहिल्या नावाचा वाचक विश्वासाने दुसरं पुस्तक उघडेल तेव्हा तो फसवला गेल्यासारखा होईल का? रहस्यकथा वाचणाऱ्याला तुमची थरारकथा मिळाली तर तो खूशच होईल. कविता आणि ललित लेख सुखाने एका नावाखाली नांदतात. पण मुलीला झोपताना वाचून दाखवायला म्हणून आईने पुस्तक घेतलं आणि त्यातून स्मशान निघालं, तर ती आई पुन्हा तुमच्या वाटेला जाणार नाही. तिथे वेगळं नाव हवंच. उघड शृंगारिक लेखन, नोकरीला अडचण येईल असं लेखन, कुटुंबातल्या कुणाला झोंबेल असं लेखन, यांनाही हवं.

आणखी एक, हे माझं मत आहे: पहिल्या नावावर किमान तीन पुस्तकं झाल्याशिवाय दुसरं नाव उघडू नका. एक पुस्तक आवडलेल्या वाचकाला लगेच दुसरं देता आलं नाही, तर त्याला शोधण्यासाठी केलेला सगळा खटाटोप वाया जातो. तीन नावांवर एकेक पुस्तक म्हणजे तीन दुकानं आणि प्रत्येकात एकच वस्तू.

भिंत कसली बांधायची ते ठरवा

दोन नावांमध्ये भिंत असते. ती काचेची असते, दाराची असते किंवा दगडी.

काचेची म्हणजे सगळ्यांना माहीत आहे की दोन्ही नावांमागे एकच माणूस आहे, नाव फक्त पुस्तकाची जात सांगतं. इयन बँक्स हे याचं सर्वांत सुटसुटीत उदाहरण. नेहमीच्या कादंबऱ्यांवर 'इयन बँक्स', विज्ञानकथांवर 'इयन एम. बँक्स'. एका आद्याक्षराने वाचकाला कळायचं की या खेपेला अवकाशयानं आहेत. नोरा रॉबर्ट्स १९९५ पासून जे. डी. रॉब या नावाने भविष्यकाळातल्या पोलिसी कथा लिहितात. पुढे मुखपृष्ठांवर दोन्ही नावं एकत्र छापली जाऊ लागली.

दाराची भिंत म्हणजे आपण जाहिरात करत नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलत नाही. माझी अशी आहे.

दगडी भिंत म्हणजे कुणालाच कळू द्यायचं नाही. अॅगाथा ख्रिस्ती यांनी १९३० पासून मेरी वेस्टमॅकॉट या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या आणि ते गुपित जवळपास वीस वर्षं टिकलं. आज एवढं टिकवणं कठीण आहे. रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाची पहिली रहस्यकादंबरी एप्रिल २०१३ मध्ये आली आणि जुलैत फुटलं की लेखिका जे. के. रोलिंग. बातमी बाहेर गेली ती वकिलाकडून वैयक्तिक ओळखीतल्या माणसापर्यंत, तिथून पुढे. त्यातही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी: नाव फुटण्याआधी त्या पुस्तकाच्या पुठ्ठा-बांधणीच्या प्रती ब्रिटनमध्ये सुमारे १,५०० खपल्या होत्या. लेखिका तीच, पुस्तक तेच. नवं नाव म्हणजे शून्यापासून सुरुवात, हे इतक्या मोठ्या माणसालाही चुकलं नाही.

नवख्याने दाराची भिंत निवडावी. दार कधीही सताड उघडून टाकता येतं. काचेची भिंत मात्र नंतर दगडी करता येत नाही, कारण इंटरनेटवर एकदा दोन नावं शेजारी आली की ती शेजारीच राहतात. दगडी भिंत तेव्हाच बांधा, जेव्हा गुपित फुटल्याने खरं नुकसान होणार असेल. नुसत्या गंमतीपायी बांधलीत तर पहिल्या चांगल्या परीक्षणालाच तुम्हाला कुणाला तरी सांगावंसं वाटेल, आणि तुम्ही सांगाल.

नाव निवडणं

नाव फोनवर सांगून बघा. समोरच्याला दोनदा विचारावं लागलं तर ते बाद. मग ते ह्रस्व-दीर्घ बदलून शोधा, रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधा. आपल्या नावांचा हा खास त्रास आहे, एकच आडनाव रोमनमध्ये चार प्रकारे लिहिलं जातं. जी तऱ्हा निवडाल ती एकदा कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तीच वापरा. एका दुकानात एक स्पेलिंग आणि दुसऱ्यात दुसरं झालं तर यंत्राच्या लेखी ते दोन लेखक होतात.

त्या नावाचा दुसरा कुणी लेखक, नट, पुढारी नाही ना, डोमेन आणि सोशल मीडियावरची हँडल मोकळी आहेत ना, हे त्याच दिवशी पाहा. मोकळी असतील तर लगेच घेऊन ठेवा, वापर वर्षभराने केलात तरी चालेल. दोन टोपणनावं एकमेकांसारखी ठेवू नका. मला आधी तिन्ही नावांची आद्याक्षरं सारखी ठेवायचा मोह झाला होता. बरं झालं सोडला, नाहीतर खाली सांगणार आहे तो गोंधळ दर आठवड्याला झाला असता.

नावाला 'डॉ.' जोडणं किंवा नसलेली पदवी, नसलेला अनुभव चिकटवणं वर्ज्य. काल्पनिक नाव ही लेखकाची सोय असते. काल्पनिक पदवी लावली की वाचकाची फसवणूक होते, आणि आरोग्य, पैसा, कायदा अशा विषयांत ती धोक्याचीही ठरते.

कागदपत्रं, म्हणजे भिंतीतल्या फटी

हा कंटाळवाणा भाग आहे, पण बहुतेक गुपितं इथूनच गळतात. स्टीफन किंग यांनी रिचर्ड बाखमन हे नाव वापरलं, ते १९८५ मध्ये फुटलं. पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एका वाचकाला शैलीवरून संशय आला, त्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या कॉपीराइटच्या नोंदी काढल्या, आणि एका पुस्तकाच्या नोंदीत किंग यांचं नाव सापडलं. संशय शैलीने दिला, पुरावा कागदाने.

करार खऱ्या नावाने होतो, पुस्तकावर टोपणनाव छापायचं हे त्यात लिहून घ्यायचं. पैसे खऱ्या नावाच्या खात्यात येतात. प्रकाशक, हिशेबनीस, वकील यांना खरं नाव कळणारच. ते गुप्त ठेवायचं असेल तर करारात तसं कलम घाला. स्वतः प्रकाशन करणाऱ्यांसाठी: अॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर एका माणसाचं एकच खातं चालतं, पण त्या एका खात्यातून कितीही टोपणनावांची पुस्तकं टाकता येतात. दर नावाला नवं खातं उघडायला जाऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे आणि सगळी खाती बंद होण्याची पाळी येते.

कॉपीराइट टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकालाही मिळतो. फरक मुदतीत पडतो. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाची ओळख उघड नसेल तर किमान ५० वर्षं मोजली जातात ती प्रकाशनापासून. ओळख उघड असेल तर लेखकाच्या मृत्यूपासून. वारसांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. देशोदेशीचे कायदे यापेक्षा जास्त मुदत देतात, तेव्हा आपल्या देशाचा आकडा वकिलाला विचारून घ्या. आयएसएनआय नावाचा १६ अंकी क्रमांकही असतो. तो पुस्तकाला नसतो, लेखकाच्या सार्वजनिक ओळखीला असतो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन टोपणनावांना दोन वेगळे क्रमांक मिळू शकतात.

आता फायली. वर्डच्या फाईलच्या गुणधर्मांत 'लेखक' म्हणून तुमचं खरं नाव बसलेलं असतं. तिचं पीडीएफ किंवा ई-पब केलं की ते बरेचदा तसंच पुढे जातं. संपादकाच्या शेऱ्यांनाही नाव चिकटलेलं असतं. फोटोच्या फाईलमध्ये जागा आणि वेळ असते. डोमेन घेताना नोंदणीची माहिती खासगी ठेवण्याचा पर्याय निवडा. हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते पुस्तक बाहेर पडण्याआधीच्या अर्ध्या तासात करायचं असतं.

दुकानातलं पान

प्रत्येक नावाचं लेखक-पान स्वतंत्र करा. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर एका खात्याला एकच लेखक-प्रोफाइल जोडता येतं, म्हणून नावागणिक वेगळा ई-मेल आधीच काढून ठेवा.

केडीपीवर पुस्तकाला तीन वर्गवाऱ्या निवडता येतात आणि कीवर्डसाठी सात रकाने असतात. भयकथेचे कीवर्ड बालकथेच्या पुस्तकात उचलून चिकटवणं ही आळसातून होणारी चूक आहे. मी एकदा जुन्या पुस्तकाची नोंद समोर ठेवून नवी भरली आणि 'भूत' हा शब्द सहा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात जाऊन बसला. पुस्तकात एक भूत होतं खरं, पण ते अंधाराला घाबरणारं.

मुखपृष्ठ हे नावाच्या खालोखालचं नाव. एका नावाच्या सगळ्या पुस्तकांवर अक्षराची एकच धाटणी, लेखकाचं नाव एकाच जागी, रंगांचा एकच गोतावळा. चित्रकार बदलला तरी हे तीन नियम बदलू देऊ नका. दोन नावांसाठी शक्यतो दोन वेगळे मुखपृष्ठकार ठेवा. एकाच हाताची वळणं नकळत दोन्हीकडे उतरतात.

आता लेखक-परिचय. नवखे लोक इथे एकच परिचय थोडा फिरवून तिन्हीकडे लावतात. माझ्या तीन परिचयांची सुरुवात बघा.

बालकथा: 'यांना मोठ्यांपेक्षा लहानांचे प्रश्न अवघड वाटतात. त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न एका पाच वर्षांच्या मुलाने विचारला होता आणि त्याचं उत्तर शोधताना हे पुस्तक झालं.'

भयकथा: 'एकटीने राहतात. निदान त्यांना तसं वाटतं.'

प्रेमकथा: 'पत्रं लिहिण्याची आणि न टाकण्याची जुनी सवय. ही त्यातलीच काही.'

यात एकही वाक्य धडधडीत थाप नाही, आणि एकाचा वास दुसऱ्याला येत नाही. दाराच्या भिंतीला एवढं पुरतं. परिचयातून आपोआप गळणाऱ्या गोष्टी म्हणजे गाव, नोकरी, शिक्षण, पाळीव प्राण्याचं नाव. कुत्र्याचं नाव दोन परिचयांत सारखं आलं की शोधणाऱ्याला पुरतं. आणि फोटो नको असेल तर रेखाचित्र किंवा चिन्ह टाका. न जन्मलेल्या माणसाचा यंत्राने बनवलेला फोटो मला पटत नाही. उद्या दार उघडायची वेळ आली तर वाचकाला खुपतो तो तोच चेहरा.

वाचक-यादी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सोशल मीडियावरचे लोक त्या त्या कंपनीचे असतात. ई-मेलची यादी तुमची असते. एका नावाला एक यादी, आणि यादीत येताना वाचकाला मिळणारी भेटही त्याच प्रकारातली: भयकथेच्या यादीला एक छोटी भयकथा, बालकथांच्या यादीला रंगवायची पानं. तिन्हीकडच्या वाचकांना एकाच यादीत कोंबून 'नंतर वेगळे करू' म्हणू नका. कुणी कशासाठी नाव दिलं होतं हे नंतर कळत नाही.

आता माझा पराक्रम. न्यूजलेटरच्या एकाच खात्यात माझ्या तिन्ही याद्या होत्या. एका रात्री अकराच्या सुमारास भयकथेचं पत्र तयार केलं. विषय: 'विहिरीतून तुमचं नाव कोण घेतंय?' खाली मुखपृष्ठ, काळी विहीर आणि कठड्यावर ओले हात. यादी निवडायच्या जागी बालकथांची यादी आधीपासून निवडलेली होती. मी पाहिलं नाही. पाठवलं आणि चहा करायला उठले. परत येते तर पहिलं उत्तर आलेलं: 'ताई, माझ्या मुलीने माझा फोन उघडला होता. आता ती न्हाणीघरात एकटी जायला तयार नाही. ही विहीर खरी आहे का, असं विचारतेय. काय सांगू?'

त्या रात्री मी सदतीस पालकांना एकेक करून उत्तर लिहिलं. विहीर खोटी आहे, तिच्यात फक्त एक बेडूक राहतो, आणि त्या बेडकाचं नाव तुमच्या मुलीने ठेवावं. काही मुलांनी खरंच नावं पाठवली. भिंतीचं दार मात्र त्या रात्रीपासून उघडंच पडलं.

तेव्हापासून तीन गोष्टी करते. प्रत्येक नावासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल आहे आणि त्याचा रंग वेगळा: पिवळा मुलांचा, काळा भुतांचा, गुलाबी प्रेमाचा. खिडकीची किनार बघितली की आपण कोण आहोत ते कळतं. प्रत्येक पत्र आधी स्वतःला पाठवते आणि ते संगणकावर न वाचता फोनवर वाचते, वाचक वाचतो तसं. आणि कुठलंही पत्र लगेच पाठवत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ लावून ठेवते. रात्री अकराला केलेली चूक सकाळी सातला दिसते. जमत असेल तर न्यूजलेटरची खातीच वेगळी ठेवा. मी आता ठेवली आहेत.

पत्त्याचं एक लक्षात ठेवा. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने व्यावसायिक ई-मेलखाली खरा टपाली पत्ता असावाच लागतो, आणि यादीतला वाचक कुठल्या देशात बसलाय हे आपल्याला ठाऊक नसतं. घरचा पत्ता तिन्ही पत्रांखाली गेला की भिंत संपली. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालतो, तो घ्या.

सोशल मीडिया

थोडक्यात सांगते, कारण इथे लोक नको तितका वेळ घालवतात. प्रत्येक नावासाठी एकच जागा निवडा, त्या प्रकारचे वाचक जिथे असतात ती. बाकीच्या ठिकाणी नुसतं नाव अडवून ठेवा. फेसबुकवर मुख्य वैयक्तिक प्रोफाइल रोजच्या व्यवहारातल्या नावानेच असावं असा नियम आहे, म्हणून टोपणनावासाठी पेज काढा. फोनमधले संपर्क अॅपला देऊ नका. दिलेत तर तुमच्या भयकथा-लेखिकेची शिफारस तुमच्या साहेबांना होते. आणि स्वतःच्या एका नावाने दुसऱ्याच्या पोस्टला लाइक देऊ नका. हे करावंसं वाटतं. दर वेळी वाटतं.

पुस्तक बाहेर पडण्याचा आठवडा

पहिल्या आठवड्यात पुस्तक कोण घेतं यावरून दुकानाचं यंत्र ठरवतं की ते पुढे कुणाला दाखवायचं. भयकथेचा पहिला वाचक भयकथा वाचणारा असेल तर यंत्र ती त्याच्यासारख्यांपुढे ठेवतं. पण पहिले तीस ग्राहक म्हणजे मावशी, शेजारी आणि शाळेतल्या मैत्रिणी असतील, ज्यांनी त्याच आठवड्यात बागकामाचं पुस्तक आणि अभ्यासाच्या गाइड घेतल्या आहेत, तर 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' या ओळीत तुमच्या पिशाच्चाशेजारी गुलाबाची छाटणी दिसू लागते. नातेवाइकांना प्रेमाने सांगा की महिनाभर थांबा. नाहीतर छापील प्रत स्वतःच्या हाताने द्या. दगडी भिंत असेल तर हा प्रश्नच येत नाही, हा तिचा एक फायदा.

त्या आठवड्यात बाकीच्या नावांनी गप्प बसायचं. दोन नावांची पुस्तकं एकाच महिन्यात काढू नका. मी एकदा केलं होतं. दोन्हीकडे अर्धं अर्धं लक्ष गेलं आणि दोन्ही पुस्तकं आली तशी गेली.

वेळ आणि पैसा कसा वाटायचा

समान वाटू नका. आई-बापांना मुलांत भेदभाव करता येत नाही, लेखकाला नावांत करावाच लागतो.

मी वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन तुकडे करते. एका तुकड्यात एकच नाव पुढे, जाहिरात त्याचीच. बाकीची दोन नावं पेरून ठेवलेल्या पत्रांवर आणि महिन्याच्या एखाद्या पोस्टवर चालतात. वाचक रोज भेटला नाही म्हणून रागावत नाही. भलतंच काही पाठवलं की रागावतो.

जाहिरातीचा पैसा मालिकेच्या पहिल्या भागावर लावा. समजा पहिला भाग १०० जणांनी घेतला, त्यातल्या ५० जणांनी दुसरा आणि त्यातल्या ४० जणांनी तिसरा. म्हणजे जाहिरातीने आणलेल्या १०० वाचकांमागे १९० पुस्तकं गेली, आणि एका वाचकामागे किती खर्च परवडतो हे त्या १९० वरून काढायचं. दुसऱ्या नावावर सुटं एकच पुस्तक असेल तर तिथे १०० म्हणजे १०० च. दोन्ही नावांवर सारखाच पैसा ओतणं का तोट्याचं, ते या दोन आकड्यांत आहे. शंभरातले वीसच दुसऱ्या भागाकडे जात असतील, तर जाहिरात थांबवा आणि पहिल्या भागाचा शेवट पुन्हा वाचा. दुखणं तिथे असतं.

केडीपी सिलेक्टमध्ये (केडीपीच्या वर्गणीदार वाचकांसाठीच्या योजनेत) ई-बुक घातलं की ९० दिवस ते दुसरीकडे डिजिटल स्वरूपात विकता येत नाही. हा निर्णय तिन्ही नावांना एकच लावायची गरज नाही. झपाट्याने वाचणाऱ्या वाचकांच्या प्रेमकथा तिथे ठेवून बालकथा सगळीकडे विकता येतात.

आणि एक वही ठेवा. खरी, कागदाची. प्रत्येक नावाला एक पान: नावाचं ठरलेलं स्पेलिंग, ई-मेल, कुठे कुठे खाती, परिचयाची शेवटची आवृत्ती, मुखपृष्ठाचे तीन नियम, सहीचं वळण, आणि 'काय बोलायचं नाही' अशी एक यादी. सहीचा सराव आधी करा. प्रकाशनाच्या कार्यक्रमात पहिल्याच प्रतीवर मी खरी सही ठोकली होती.

एका नावाने दुसऱ्याला हात द्यावा का?

काचेची भिंत असेल तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर द्यावा. गोष्ट संपून वाचक अजून त्याच तंद्रीत असतो, तेव्हाचं ते पान कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त विकतं. तिथे आधी त्याच नावाचं पुढचं पुस्तक, मग त्याच नावाची यादी, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'या लेखिकेच्या प्रेमकथा अमुक नावाने वाचायला मिळतील.' बालकथेच्या शेवटी मात्र मोठ्यांच्या पुस्तकांचा दुवा कधीच नको, भिंत कितीही पारदर्शक असली तरी. ते पान मूल उलटतं.

स्वतःच्या एका नावाने दुसऱ्या नावाच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणं, ब्लर्ब देणं, तारे वाटणं हे करायचं नाही. दुकानं ते पकडतात आणि परीक्षणं काढून टाकतात, पण तेवढ्याने भागत नाही. नाव फुटलं तर टोपणनाव वाचक हसून माफ करतो. आपणच आपली पाठ थोपटलेली त्याला विसरता येत नाही.

नाव फुटलं तर, आणि मिटवायचं असेल तर

फुटलं तर त्याच दिवशी स्वतःच्या तोंडून सांगा. प्रत्येक यादीला वेगळं पत्र: हो, मीच. हे नाव का घेतलं होतं. तुमच्या यादीत दुसरं काही येणार नाही. हे पत्र आजच लिहून वहीत ठेवा, कारण त्या दिवशी हात थरथरतो आणि वाक्यं नीट येत नाहीत.

एखादं नाव चालत नसेल तर बंद करायला लाजू नका. दोन वर्षं आणि तीन पुस्तकं दिल्यावरही यादी हलत नसेल, तर नवं लिहिणं थांबवा. पुस्तकं विक्रीतून काढू नका, पानं पुसू नका. यादीला शेवटचं पत्र पाठवा, त्यात दुसऱ्या नावाकडे येण्याचं आमंत्रण द्या, पण वाचकाला स्वतः नाव नोंदवू द्या. परस्पर त्याला दुसऱ्या यादीत हलवू नका. डोमेनचं भाडं मात्र भरत राहा. जुन्या छापील प्रतींवर तो पत्ता आहे, आणि सोडलेला पत्ता उद्या कुणीही विकत घेऊन तिथे काहीही मांडू शकतो.

शेवटचं काम मृत्युपत्राचं. फ्रेंच कादंबरीकार रोमँ गारी यांना गोंकूर हे तिथलं मानाचं साहित्य-पारितोषिक दोनदा मिळालं, १९५६ मध्ये स्वतःच्या नावाने आणि १९७५ मध्ये एमिल आझार या नावाने. खरं तर ते एका लेखकाला एकदाच मिळतं. त्यांनी खुलासा लिहून ठेवला होता, तो मृत्यूनंतर बाहेर आला. तुमची नावं, पासवर्ड, करार आणि पैसे कुठल्या खात्यात येतात, हे घरातल्या एका माणसाला ठाऊक हवं. माझी वही कपाटात वरच्या खणात आहे, आणि ती कुठे आहे हे बहिणीला माहीत आहे. भयकथांचं पान तिने अजून वाचलेलं नाही, असं ती म्हणते.